रविवारची वंदना

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नागपुरातल्या धम्माची ताकद त्या गर्दीवरून मोजण्याची सवय सगळ्यांनाच जडली आहे, धम्म मानणाऱ्यांनाही. माझे मत वेगळे आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात साधारण दर सात माणसांमागे एक बौद्ध आहे. एवढ्या मोठ्या समाजाचा धम्म टिकतो की नाही, हे इंदोऱ्यातल्या किंवा रामबागेतल्या एखाद्या लहान विहारात रविवारी सकाळी काय चालते त्यावर ठरते. बाबासाहेबांनाही हेच अपेक्षित होते. १९५४च्या सुमारास ब्रह्मदेशातल्या बुद्ध शासन कौन्सिलपुढे त्यांनी धम्मप्रसाराचा आराखडा मांडला. त्यात गृहस्थ धम्मोपदेशक नेमण्याची सूचना होती, तशीच प्रत्येक विहारात दर रविवारी सामुदायिक वंदना आणि त्यानंतर प्रवचन व्हावे, अशीही होती. १४ ऑक्टोबर १९५६चा सोहळा एकदाच व्हायचा होता, रविवार मात्र दर आठवड्याला येणार होता.

ही सूचना इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर या धम्माच्या स्वरूपातच आहे. देवळात माणूस एकटा जाऊ शकतो. नवस बोलतो, दर्शन घेतो, परततो. विहारात नवसाला पावणारे कोणी नाही. मागण्यासारखे काही नसेल तर माणसाने तिथे का जावे? दुसऱ्या माणसांसाठी, एवढेच उत्तर उरते. पांढरी साडी नेसलेल्या बाया, आजीचे बोट धरून आलेली नातवंडे, बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे लावलेल्या मेणबत्त्या, बौद्धाचार्यांच्या पाठोपाठ म्हटलेले त्रिसरण आणि पंचशील. मद्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील ज्या वस्तीत दारूने घरे धुऊन नेली तिथे शेजाऱ्यांच्या देखत मोठ्याने म्हणावे लागते, तेव्हा त्याचे वजन घरात एकट्याने पुटपुटण्याहून फार वेगळे असते. वंदना संपली की मेडिकलमध्ये कोण भरती आहे, कोणाकडे जलदानाचा विधी आहे, वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ कोणत्या घरी वाचायचा, हेही तिथेच ठरते. मला हा भाग वंदनेइतकाच धार्मिक वाटतो.

रविवार ही तर चर्चची उसनवारी, असा आक्षेप घेतला जातो. उसनवारी आहेच, आणि ती लपवण्याचे कारण नाही. मुंबईच्या प्रार्थना समाजाने १८६७ पासून याच वाटेने साप्ताहिक उपासना चालवली. त्याच समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियनांकडे उदार धर्माचा अभ्यास करून आले. शिवाय रविवार हा आपल्याकडे कष्टकऱ्यांनी मिळवलेला दिवस आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९०मध्ये ती सुट्टी मिळाली. नागपुरात एम्प्रेस मिलमध्ये राबणाऱ्यांना एकत्र बसायला दुसरा कोणता दिवस मोकळा होता?

याहून अवघड आक्षेप असा की विहार एका जातीचा, एका वस्तीचा होऊन बसला आहे. तो खरा आहे आणि टोचणारा आहे. पण प्रार्थना समाजाकडे पाहा. तत्त्वाने तो सर्वांना खुला होता, तरी शिकलेल्या, वरच्या जातींच्या थोड्या मंडळींपलीकडे फारसा गेला नाही, कारण त्याच्या पायाशी वस्ती नव्हती. नागपूरच्या विहाराची घडण उलटी आहे. त्याला वस्ती आहे, दार उघडायचे बाकी आहे. शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाला प्रवचनाला बोलावणे अवघड नाही. ते बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही, एवढेच.

विवेकवादी म्हणतात, पाली गाथांचे पाठांतर म्हणजे नवे कर्मकांडच. जिथे पंधरा मिनिटांत गाथा उरकून लोक उठतात तिथे मी हा आरोप मान्य करतो. बाबासाहेबांनी वंदनेला प्रवचन जोडले ते याचसाठी; अर्थ सांगणारा आणि प्रश्न ऐकून घेणारा माणूस नसेल तर ती अर्धीच राहते. १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाकडे उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला. आज वर्गणी होते ती बहुधा फरशीसाठी, घुमटासाठी, मोठ्या मूर्तीसाठी. बौद्धाचार्य मात्र नोकरी सांभाळून, पदरचे पेट्रोल जाळून येतात, आणि त्यांच्या वाचनासाठी, प्रशिक्षणासाठी क्वचितच कोणी पैसे काढते. कित्येक विहारांत वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात, पण रविवारी खालच्या सभागृहात उतरत नाहीत. त्यांना धम्माचे वावडे आहे असे मला वाटत नाही. राज्यघटना, जात, बेकारी यांवरचे त्यांचे प्रश्न खाली कोणी घेत नाही. महिन्यातल्या एका रविवारचे प्रवचन त्यांच्यापैकीच एकाकडे सोपवावे आणि बौद्धाचार्यांनी समोर बसून ऐकावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की कोणाची परवानगीही.