दिवाळीतील वादळी हवामान व सुगीचे रक्षण

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात सुगी भरात असते. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या भागांत भात कापणीस आलेले असते, पूर्वेकडे सोयाबीनची मळणी चालते, आणि गुऱ्हाळे पेटू लागतात. परंतु हाच काळ अरबी समुद्रातील वादळांचाही होय. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे या वादळांचे दोन हंगाम आहेत.

सन २०१९ मध्ये २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ बनले. ते आपल्या किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे वळले. तरीही त्या ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने राज्यात काढणीस आलेल्या पिकांची मोठी हानी झाली. यावरून हे ध्यानी घ्यावे की, वादळ दूरवरून गेले तरी त्याने ओढून आणलेले बाष्प आपल्याकडे पाऊस पाडू शकते.

हवामान खात्याच्या अंदाजातील शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे विभागातील फार तर चतुर्थांश ठिकाणी पाऊस. आपल्या गावी तो न पडल्यास अंदाज खोटा ठरत नाही. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा.

खरा प्रश्न असा की, सणापूर्वी कापणी उरकावी की थांबावे? सणास मजूर गावी जातात व कापलेले पीक शिवारात पडून राहते. पाण्यात आडवे पडलेले भात लवकर मोडावते. त्यामानाने उभे पीक अधिक तग धरते. म्हणून पावसाचा इशारा असल्यास एका दिवसात मळता किंवा झाकता येईल तेवढेच कापावे. सोयाबीन पूर्ण पक्व झाले असल्यास शेंगा फुटतात. तेव्हा उघाड मिळताच ते प्रथम काढावे. गंजी उंचवट्यावर रचून ताडपत्रीने झाकावी, भोवती चर काढावा. ओल्या मालाचा ढीग तापतो, म्हणून उघाड पडताच तो पसरावा. साठवणीपूर्वी भातातील ओलावा १४ टक्क्यांपेक्षा व सोयाबीनमधील १२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. गुऱ्हाळकऱ्यांनी वाळलेले चिपाड आधीच आडोशास न्यावे. पाऊस झाल्यास हरभरा व शाळूची पेरणी वाफसा आल्यावरच करावी.

या दिवसांत दुपारनंतर विजा पडतात. मेघगर्जना ऐकू येताच काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. विजेच्या सूचनेसाठी ‘दामिनी’ व पीकसल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही भ्रमणध्वनीवरील साधने उपलब्ध आहेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वसुबारसेपूर्वीच अंदाज चावडीवर व दूध संस्थेच्या फलकावर लिहावा, आणि ज्यांचे पीक कापून पडले आहे त्यांना घरी जाऊन सांगावे. वेळेवर पोहोचलेली सूचना म्हणजे वाचलेले धान्य होय.