मेलेल्या वैमानिकाची उलटतपासणी कोण घेणार?

17 जून 2025 रोजी कॅप्टन सुमीत सभरवाल यांचे पार्थिव पवईच्या जलवायू विहारमध्ये आले. 12 जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेले त्यांचे बोईंग 787 उड्डाणानंतर काही क्षणांतच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले होते. 260 माणसे मेली. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला आणि माध्यमांतून निकालही लागला, दोष वैमानिकाचा!

आम्ही वकिली करतो, म्हणून अहवाल वकिलाच्या नजरेने वाचला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदाच्या अंतराने 'बंद'वर गेले. एक वैमानिक विचारतो, का बंद केले? दुसरा म्हणतो, मी केले नाही. यातला विचारणारा कोण, उत्तर देणारा कोण? अहवाल सांगत नाही. मूळ शब्दही देत नाही, नुसता सारांश! असला पुरावा आम्ही तालुक्याच्या कोर्टातही टिकू दिला नसता. येथे तर खुलासा करणाराच हयात नाही.

त्याच अहवालातील दुसरी नोंद मात्र फारशी कोणी उचलली नाही. काही बोईंग विमानांत या स्विचचे लॉक निकामी आढळल्याने अमेरिकेच्या नियामकाने डिसेंबर 2018 मध्ये तपासणी सुचवली होती. एअर इंडियाने ती केली नाही. का? तर तो सल्ला होता, सक्ती नव्हती! जुलै 2025 मध्ये आपल्या महासंचालनालयाने सक्ती करताच काही दिवसांत तपासणी उरकली. दोष नाही, असे कंपनीने कळवले. स्विचच बिघडला होता, असा आमचाही दावा नाही. पण साडेसहा वर्षे हे का पाहिले नाही?

बोईंगचा इतिहासही विसरता येत नाही. 2018 मध्ये इंडोनेशियात 737 मॅक्स पडले तेव्हा बोट वैमानिक आणि देखभालीकडेच गेले. 2019 मध्ये इथिओपियात दुसरे पडले. एकूण 346 बळी. एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचे नाक खाली दाबणारी यंत्रणा बसवली होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता!

सभरवाल यांचे वयोवृद्ध वडील स्वतः महासंचालनालयातून निवृत्त झालेले. स्वतंत्र चौकशीसाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 7 नोव्हेंबर 2025 रोजी खंडपीठाने त्यांना सांगितले की, मुलाला दोष दिला जातोय हे ओझे तुम्ही बाळगू नका. त्यांची हरकत मात्र साधी होती. ज्या नियामकाच्या देखरेखीवरच प्रश्न आहे, त्याचेच अधिकारी तपास पथकात कसे?