मुकादम, चौगुले आणि अर्धे खळे

रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगवरून जाताना मला ‘मुकादम’ हा शब्द आठवतो. कोकणात तेलघाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्रायली आपल्या जमातीच्या प्रमुखाला मुकादम म्हणत. त्याला सल्ला द्यायला चौगुले असत आणि हिशेब ठेवायला गब्बाय.

मुकादम, चौगुले हे शब्द आपल्या गावगाड्यातले असले, तरी वडीलधाऱ्यांच्या सभेची कल्पना फार जुनी आहे. एकट्याला भार पेलवेना म्हणून मोशेने 70 वडीलधारे निवडले. पुढे जेरुसलेमच्या सॅनहेड्रिनमध्ये, मिश्नाच्या वर्णनानुसार, 71 सभासद असत. ते अर्ध्या खळ्यासारखे बसत, म्हणजे प्रत्येकाला इतरांचे चेहरे दिसत. देहदंडाच्या खटल्यात मते कनिष्ठांपासून घेत. वरिष्ठ आधी बोलले, तर धाकटे विरोध कसा करणार? हिलेल आणि शम्माई यांच्या शिष्यपरंपरांतले मतभेदही मिश्नाने पुसले नाहीत. दोन्ही बाजू नोंदवून ठेवल्या.

ऐक्य साधणाऱ्या नेतृत्वाची कसोटी मला इथे दिसते. विरोधी मत ऐकून घ्यायचे आणि निर्णयानंतरही सगळ्यांना एकत्र ठेवायचे. आपल्या सभांतही अध्यक्ष शेवटीच बोलतात. फक्त निर्णय बहुधा सभेआधीच झालेला असतो.