स्टेपर मोटरीचा वीजपुरवठा

त्रिमिती छपाईचें किंवा कोरकामाचें लहानसें यंत्र घरींच जुळविण्याची हौस हल्लीं शहरांतील पुष्कळ मुलांना असते. अशा यंत्राचे हातपाय म्हणजे स्टेपर मोटरी. ही मोटर अखंड फिरत नाहीं. ती पावलें टाकते. नेहमींच्या जातींत एक पाऊल १.८ अंशांचें, अर्थात् २०० पावलांचा एक फेरा, असें प्रमाण असतें.

मोटर आणली, कीं प्रश्न येतो वीजपुरवठ्याचा, आणि नवशिक्याची फसगत येथेंच होते. नेमा १७ मापाच्या एका मोटरीचें उदाहरण घ्यावें. तिच्या पत्रकावर १.७ अँपिअर, १.६५ ओहम व २.८ व्होल्ट असे आंकडे आहेत. ते पाहून वाटतें, कीं हिला तीन व्होल्ट पुरेत. चोवीस दिले तर ती जळेल. वस्तुतः २.८ हा प्रवाह व रोध यांचा केवळ गुणाकार होय. मोटर जागच्या जागीं उभी असतां पुरा प्रवाह राखण्यास तेवढा दाब लागतो, इतकाच त्याचा अर्थ.

चालत्या मोटरीची गोष्ट निराळी. तारेचें वेटोळें प्रवाहाच्या बदलाला अडवितें. या गुणाला इंडक्टन्स म्हणतात. या मोटरींत तो २.८ मिलिहेन्री आहे. सेकंदाला पांच फेरे घ्यावयाचे, तर एका पावलाच्या वांट्याला सेकंदाचा हजारावा भाग येतो. तेवढ्यांत २.८ व्होल्टांवर प्रवाह निम्म्यापर्यंतही चढत नाहीं. मग जोर सरतो, पावलें चुकतात आणि छापल्या जाणाऱ्या वस्तूचे थर सरकतात. फिरण्यामुळें उपजणारा उलट दाब हिशेबांत न धरला, तर २४ व्होल्टांवर पुरा प्रवाह त्या वेळाच्या सुमारें पांचव्या हिश्शांत चढतो.

मग मोटर जळत कां नाहीं? कारण मध्यें ड्रायव्हर असतो. प्रवाह ठरल्या मर्यादेस पोचतांच तो पुरवठा तोडतो, उतरतांच पुन्हां जोडतो. आणि हें सेकंदांत हजारों वेळां चालतें. टाकी उंचावर असावी, पण तोटी जाणत्याच्या हातीं असावी, तसा हा प्रकार आहे.

म्हणून ड्रायव्हर निवडतांना दाब व प्रवाह या दोन्ही मर्यादा पाहाव्या. ए ४९८८ हा ३५ व्होल्टांपर्यंत चालतो, परंतु थंड करण्याची सोय नसल्यास त्याच्याकडून सुमारें एक अँपिअरच घ्यावा. डीआरव्ही ८८२५ ची दाबमर्यादा ४५ व्होल्ट असून तो तशा स्थितींत सुमारें दीड अँपिअर देतो. प्रवाहाची मर्यादा पट्टीवरील बारीक स्क्रूनें आरंभींच ठरवावी. वीज चालू असतां मोटरीची तार कधींही काढूं नये. ड्रायव्हर जळण्याचें तें एक नेहमींचें कारण आहे.

पुरवठा किती अँपिअरांचा घ्यावा? तीन मोटरी, प्रत्येकीचीं दोन वेटोळीं, म्हणून दहा अँपिअर, हा हिशेब चुकीचा. वेटोळ्यांत उष्णतेच्या रूपानें खर्च होणारी शक्ति दर मोटरीस सुमारें १० वॉट असते. तिघींचे ३० वॉट आणि वर यंत्राचें काम धरलें, तरी २४ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे १२० वॉटांचा पुरवठा ऐसपैस होतो. छपाईयंत्राची तापपट्टी त्यावरच चालवावयाची असल्यास तिचा खर्च निराळा मिळवावा.

मात्र या पुरवठ्याच्या एका अंगास घरची २३० व्होल्टांची वीज असते. तीं टोकें झांकलेलीं असावीं, अर्थिंगची तार जोडलेली असावी, आणि ती जोडणी मुलांवर न सोपवितां जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. चोवीस व्होल्टांची चूक एखादा ड्रायव्हर घेऊन जाते. या बाजूची चूक जिवावर बेतते.