गोल्फची सुरुवात होलजवळून

गोल्फ शिकू पाहणारा बहुतेक प्रत्येक जण पहिल्याच दिवशी ड्रायव्हर हाती घेतो. चेंडू मारण्याच्या सर्व दांड्यांत हा सर्वांत लांब आणि ताब्यात आणण्यास सर्वांत अवघड. चेंडू कधी उजवीकडे भरकटतो, कधी जमिनीलगत घरंगळतो. काही आठवड्यांत मनगटे दुखू लागतात आणि उत्साह मावळतो.

वस्तुतः खेळाचा हिशेब निराळा आहे. पूर्ण मैदानाची अपेक्षित फटकेसंख्या, म्हणजे पार, बहुधा ७२ असते. ती ठरविताना प्रत्येक होलच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पटरचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. १८ होलचे झाले ३६. निम्मा खेळ ज्या दांड्याने होतो, त्याला नवशिका सर्वांत शेवटी हात लावतो! टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. लांब फटके हे तिचे बलस्थान कधीच नव्हते. तिची भिस्त पटरवर होती.

म्हणून शिक्षण होलपासून मागे मागे न्यावे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा किमान ४२.६७, जागा अडीचपट आहे. प्रथम एक मीटरवरून चेंडू आत घालण्याचा सराव करावा. मग दहा पावलांवरून तो केवळ होलजवळ थांबविण्याचा, कारण लांबून दिशेपेक्षा वेगाचा अंदाज अधिक चुकतो. त्यानंतर ग्रीनच्या कडेवरून छोटे फटके, पुढे अर्धा स्विंग, आणि मगच पूर्ण.

पूर्ण स्विंगमधील नेहमीची चूक म्हणजे चेंडू वर उचलण्याचा प्रयत्न. ते काम दांड्याच्या तिरप्या फळीचे आहे. जमिनीवरचा चेंडू आयर्नने मारताना फळी आधी चेंडूला आणि मग गवताला लागली पाहिजे; मागे झुकून उचलू जाणाऱ्याचा फटका चेंडूच्या डोक्यावर बसतो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, येथे तो निश्चल असतो, आणि विचार करायला मिळालेला तो वेळच पुष्कळांना नडतो.

साहित्यावर आरंभी फार खर्च करू नये. नियमानुसार १४ दांडे बाळगता येतात; नवशिक्याला पटर, वेज, सात नंबरचे आयर्न आणि एखादा हायब्रिड पुरतो, तोही वापरलेला. वडोदऱ्यातील लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले किंवा हैदराबादेत गोवळकोंड्यालगतचे मैदान पाहून पूर्ण फेरीचा मोह होईल. पहिले काही महिने ९ होल पुरेत.

आनंदाचे खरे गमक मात्र हँडिकॅपमध्ये आहे. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत तो ५४ पर्यंत मिळू शकतो, म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक होलला तीन फटक्यांची सवलत. स्टेबलफोर्ड गुणपद्धतीत पार चारच्या होलवर सात फटके घेणाऱ्या अशा नवशिक्याला २ गुण मिळतात. सवलत नसलेल्या मुरब्बी खेळाडूला तेवढ्याच गुणांसाठी चार फटक्यांत होल गाठावा लागतो. दोघांची लढत बरोबरीची! एखादा होल पुरता बिघडला, तर शून्य गुण मांडून चेंडू उचलावा व पुढे निघावे.

मागून येणाऱ्यांना खोळंबून ठेवणे हा या खेळातला मोठा अपराध. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. वाळूतून बाहेर पडताना आपल्या पावलांवर दाताळे फिरवावे, आणि ग्रीनवर चेंडूने पाडलेला खळगा जागच्या जागी बुजवावा.