रिकामी वाटी, भरलेले कोठार
पाळीव हॅमस्टरच्या संतुलित आहाराविषयी

जबलपूर शहरातील अधारताळ भागाच्या पुढे रिछाईची औद्योगिक वसाहत लागते. कारखाने, गोदामे आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या नागरी वस्त्या असे या परिसराचे रूप आहे. संरक्षण साहित्याचे कारखाने आणि रेल्वे यांच्यामुळे जबलपुरात दूरदूरची माणसे येऊन स्थिरावली आणि त्यांत मराठी कुटुंबेही आली. लहान घर, नोकरीवर जाणारे आई-वडील आणि एखादा प्राणी पाळण्याचा मुलांचा हट्ट, असे चित्र येथील अनेक घरांत दिसते. कुत्र्याला फिरवून आणण्यास कोणास सवड नसते, मांजर शेजाऱ्यांना चालत नाही. मग एका पिंजऱ्यात सामावणारा, मुठीएवढा, गोंडस हॅमस्टर घरी येतो.

तो घरात येताच त्याच्या आदरातिथ्यास सुरुवात होते. कोणी बिस्किटाचा तुकडा पुढे करतो, कोणी शेंगदाणा, तर कोणी द्राक्ष. हॅमस्टर प्रत्येक वस्तू दोन्ही हातांत धरून झटपट तोंडात टाकतो. वाटी पाहता पाहता रिकामी होते आणि भूक अजून भागली नसावी या समजुतीने ती पुन्हा भरली जाते. त्याच्या आहारातील बहुतेक चुकांचा उगम याच समजुतीत आहे. हॅमस्टरची वाटी रिकामी झाली म्हणजे त्याचे पोट भरले असे नव्हे. आणि पोट भरले म्हणजे पोषण झाले असेही नव्हे.

साठवणारा जीव

हॅमस्टरच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत पोहोचणाऱ्या पिशव्या असतात. मिळालेले अन्न तो प्रथम या पिशव्यांत भरतो आणि मग पिंजऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यात, गवत-भुशाच्या खाली नेऊन रिकामे करतो. जर्मन भाषेत साठेबाजी करण्यासाठी ‘हॅम्स्टर्न’ असे क्रियापदच या प्राण्याच्या नावावरून रूढ झाले आहे. बचतीचे महत्त्व त्यास कोणी शिकवावे लागत नाही. मात्र त्याची ही बचत मालकाच्या दृष्टीआड होत असल्यामुळे त्याने नेमके किती खाल्ले, हे वाटीकडे पाहून कळत नाही.

आज पाळल्या जाणाऱ्या हॅमस्टरांत सीरियन अथवा सोनेरी हॅमस्टर सर्वांत परिचित आहे. ही जात मूळची सीरियातील अलेप्पो शहराच्या परिसरातील. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी तेथील एका गव्हाच्या शेतातून मादी व तिची पिले खणून काढली आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात नेली. तेथील शास्त्रज्ञ सॉल ॲडलर यांना काळा आजाराच्या संशोधनासाठी असा प्राणी हवा होता. त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिले जगली आणि जगभरच्या पाळीव सोनेरी हॅमस्टरांचा बहुतांश वंश त्यांच्यापासून वाढला.

या इतिहासातून त्याच्या आहाराचे सूत्र मिळते. हा शेतशिवारातला, कोरड्या प्रदेशातला प्राणी आहे. धान्य, कडधान्ये, गवताचे बी, थोडा हिरवा पाला आणि मिळतील तेव्हा किडे, असा त्याचा मूळ आहार असतो. गोडधोड, तळलेले आणि रसाळ पदार्थ त्यात बसत नाहीत.

रोजच्या आहाराचा हिशोब

पूर्ण वाढलेल्या सीरियन हॅमस्टरचे वजन साधारणपणे १०० ते १५० ग्रॅम असते. त्यास दिवसाकाठी सुमारे १० ते १२ ग्रॅम कोरडे अन्न पुरते, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. खुजा हॅमस्टर याहून पुष्कळच लहान असतो आणि त्याचा आहार याच्या निम्म्याहूनही कमी असतो. या मापाने पाहिल्यास ५ ग्रॅमचे एक बिस्किट म्हणजे मोठ्या हॅमस्टरच्या दिवसभराच्या आहाराचा जवळजवळ निम्मा वाटा होय. मुलाने प्रेमाने दिलेले ते एक बिस्किट त्या दिवसाच्या प्रथिनांची, तंतूंची आणि क्षारांची जागा साखर व मैद्याने भरून टाकते.

आहारात प्रथिनांचे प्रमाण साधारण १६ ते २० टक्के आणि स्निग्ध पदार्थांचे ४ ते ६ टक्के असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हे प्रमाण घरी रोज जुळविणे कठीण असल्यामुळे हॅमस्टरसाठी तयार मिळणाऱ्या गोळ्यांचे, म्हणजे पेलेट्सचे, खाद्य हा आहाराचा मुख्य भाग असणे इष्ट ठरते. बाजारात मिळणारे रंगीबेरंगी बियांचे मिश्रण दिसावयास आकर्षक असते. परंतु हॅमस्टर त्यातून आवडीच्या सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या निवडतो व बाकीचे टाकून देतो. सूर्यफुलाच्या गरात सुमारे निम्मा भाग तेलाचा, आणि कॅल्शियम मात्र अल्प. अशा निवडक खाण्याने प्राणी लठ्ठ दिसतो, पण त्याचे पोषण अपुरेच राहते. सर्व गोळ्या एकसारख्या असल्यामुळे तेथे निवडीस वाव उरत नाही.

गोळ्यांच्या जोडीला थोडे घरचे धान्य अवश्य द्यावे. ज्वारी, बाजरी, राळे, गहू, जव यांचे चिमूटभर मिश्रण त्यास रुचते. महाकोशलात पिकणारी कोदो-कुटकी ही बारीक तृणधान्येही त्यात चालतात. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा बिनमिठाचे पनीर वाटाण्याएवढे द्यावे. शाकाहारी कुटुंबांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. मोडाचे मूग आणि चांगल्या प्रतीच्या गोळ्या यांनीही प्रथिनांची गरज भागते.

भाज्यांपैकी गाजर, काकडी, दुधी, मेथी-कोथिंबिरीची दोन पाने योग्य. जबलपूरचा हिरवा मटार प्रसिद्धच आहे. हिवाळ्यात त्याचे एक-दोन दाणे हॅमस्टरलाही मिळावेत, पण ओंजळभर नव्हे. भाजीचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा असावा व स्वच्छ धुऊन पुसून द्यावा. सफरचंदाची बारीक फोड क्वचित चालते, मात्र बिया काढूनच. खुज्या जातींत मधुमेहाची प्रवृत्ती आढळत असल्याने त्यांना फळे टाळलेलीच बरी.

वर्ज्य पदार्थ

कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळे, चॉकलेट, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, कडू बदाम, टोमॅटोची पाने हे पदार्थ हॅमस्टरला कधीही देऊ नयेत. शेव, चिवडा, फरसाण यांतील मीठ-तेल त्याच्या इवल्या शरीरास झेपत नाही. गूळ, चिक्की, जॅम, चिकट भात हे पदार्थ गालाच्या पिशवीत चिकटून बसतात व तेथे जखम किंवा पू होण्याची भीती असते. टोकदार कुसळे असलेले धान्यही याच कारणाने निवडून द्यावे. दूध देण्याची प्रथा अनेक घरांत आहे. ते त्यास पचत नाही, जुलाब मात्र होतात.

गिनिपिग आणि हॅमस्टर यांत गल्लत करणे हीही एक नेहमीची चूक. गिनिपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे ते त्यास आहारातून द्यावे लागते. हॅमस्टर ते स्वतःच तयार करतो. एकाचे खाद्य दुसऱ्याच्या वाटीत घालणे म्हणूनच योग्य नाही.

बुरशीचा धोका

धान्य महिनोन्‌महिने एकाच पुडीत पडून राहते आणि पावसाळ्यात त्यास बुरशी लागते. ही बाब किरकोळ समजण्याचे कारण नाही. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस जबलपूरपासून फार दूर नसलेल्या बांधवगड व्याघ्र प्रकल्पात दहा रानहत्ती मृत्युमुखी पडले. त्यांनी मोठ्या प्रमाणावर कोदोचे पीक खाल्ले होते आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष आढळले. कोदो हे धान्य वाईट नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते या भागातील लोकांचे अन्न आहे. दोष ओलाव्याचा व बुरशीचा. जे विष हत्तीसारख्या प्राण्यास लोळविते, त्यापुढे शंभर ग्रॅमच्या जिवाचा काय पाड? शेंगदाण्यावरील बुरशीही तितकीच घातक असते. म्हणून धान्य थोडे आणावे, उन्हात वाळवावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि कुबट वास येताच फेकून द्यावे.

हॅमस्टरच्या स्वतःच्या कोठारालाही हाच नियम लागू आहे. त्याने लपविलेली भाजी, अंडे, पनीर दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकावे. कोरडे दाणे मात्र सगळे उचलू नयेत. साठा एकदम नाहीसा झाला की तो अस्वस्थ होतो व अधिक जोमाने साठवू लागतो. कोठारात काय उरले आहे हे पाहूनच दुसऱ्या दिवशीचे माप ठरवावे.

वेळ, पाणी आणि ऋतुमान

हॅमस्टर निशाचर आहे. त्याचे जेवण सायंकाळी, तो जागा होण्याच्या सुमारास द्यावे. दिवसा झोपेतून उठवून खाऊ घालणे त्यास मानवत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे कुरतडण्यासाठी टणक गोळ्या आणि रंग न दिलेला लाकडाचा तुकडा आवश्यक ठरतो. दोन सीरियन हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. ते एकांतप्रिय असून अन्न व जागेवरून प्राणघातक भांडतात.

त्यास वीस ते चोवीस अंश तापमान सुखावह वाटते. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावा आणि नळीच्या बाटलीतील पाणी रोज बदलावे. नळीच्या टोकाची गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते व प्राणी तहानलेला राहतो; म्हणून रोज बोट लावून थेंब येतो की नाही हे पाहावे. हिवाळ्यात कडाक्याची थंडी व अन्नाची टंचाई एकत्र आल्यास तो निपचित पडू शकतो. त्या काळात उबदार गवत-कागद आणि पुरेसे कोरडे अन्न हवे.

पहिला पंधरवडा

सर्वाधिक काळजीचा काळ म्हणजे घरी आल्यानंतरचा पहिला पंधरवडा. लहान वयात दुकानातून नव्या घरी आलेल्या पिलास प्रवासाचा व बदलाचा ताण असतो. त्यातच आहार एकदम बदलला तर तीव्र जुलाबाचा आजार जडू शकतो. शेपटीकडचा भाग ओला दिसतो, पिलू मलूल होते आणि दोन-तीन दिवसांत दगावतेही. म्हणून दुकानात जे खाद्य दिले जात होते तेच प्रथम चालू ठेवावे, नवे खाद्य सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत न्यावे आणि या काळात भाजी-फळे देऊ नयेत. जुलाब दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्य गाठावा. या आजारात एक रात्र थांबणेही महाग पडते. जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००९ पासून ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. पशुवैद्यकशास्त्राच्या शिक्षणाची अशी परंपरा असलेल्या शहरात तज्ज्ञ सल्ला घेण्यास कोणी मागेपुढे पाहू नये.

वजनाची नोंदवही

खाल्लेले वाटीवरून कळत नाही, मग कळावे कसे? उपाय सोपा आहे. स्वयंपाकघरातील छोट्या वजनकाट्यावर, एका वाडग्यात बसवून, आठवड्यातून एकदा हॅमस्टरचे वजन करावे व तारखेसह वहीत लिहावे. बँकेच्या पासबुकाप्रमाणे ही वही खरी स्थिती सांगते. वजन सतत वाढत असेल तर बिया व खाऊ कमी करावा. ते एकदशांशाहून अधिक घटले तर दात, गालाच्या पिशव्या व पोट यांची तपासणी करून घ्यावी. हे काम मुलांकडे सोपविल्यास त्यांनाही जबाबदारीची गोडी लागते.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. हॅमस्टरच्या बाबतीत उपासमार क्वचितच घडते. बहुधा घडतो तो लाडाचा अतिरेक. त्याचे आयुष्य अवघे दोन ते अडीच वर्षांचे. आपल्या हिशोबात ते अल्पकालीन ठेवीएवढे असले, तरी त्याचे ते संपूर्ण जीवन आहे. रोजचा एक चमचा मापाचे अन्न, स्वच्छ पाणी, भाजीचा नखभर तुकडा आणि आठवड्याची एक नोंद एवढ्यावर ते निरोगीपणे पार पडू शकते. मुलाने बिस्किट पुढे केले, तर त्याच्या हाती गाजराचा बारीक काप द्यावा. खाऊ देण्याचा त्याचा आनंद तेवढाच राहतो आणि हॅमस्टरचेही भले होते.