केसपेपरावरील एक शब्द

मेंदूला शुद्ध रक्त पोहोचविणाऱ्या रोहिण्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना मिळून एक कडे तयार करतात. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि ते कडे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या कड्यावर जेथे रोहिणीला फाटा निघतो, तेथे तिची भिंत दुबळी होऊन रक्ताच्या अखंड दाबामुळे तिला कधी कधी लहानसा फुगा येतो. हाच ॲन्यूरिझम. शंभर प्रौढांतील सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो, आणि त्यांतील बहुतेकांना तो जन्मभर उमगतही नाही. पण तोच फुटला, तर आयुष्यात कधी सोसली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात उसळते, मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते, आणि कित्येक रुग्ण इस्पितळाचा उंबरठा गाठण्यापूर्वीच प्राणास मुकतात. फुटलेला आणि न फुटलेला या दोन शब्दांत अंतर आहे ते असे जीवनमरणाचे. म्हणूनच ते कागदावर कसे उतरते, हा प्रश्न केवळ कारकुनीचा राहत नाही.

जगभरच्या दवाखान्यांतील निदानांची एका भाषेत मोजदाद व्हावी, या हेतूने रोगांना संकेतांक देण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिचे मूळ जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागो येथील परिषदेत मांडलेल्या मृत्युकारणांच्या तक्त्यात सापडते. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची सहावी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा मृत्यूबरोबर आजारही या दप्तरात रीतसर दाखल झाले. १९९० साली संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत न फुटलेल्या ॲन्यूरिझमचा संकेतांक आय-६७.१ असा आहे, तर तो फुटून झालेला रक्तस्राव आय-६० या स्वतंत्र रकान्यात जातो आणि कोणती रोहिणी फुटली त्यावरून त्याचा पुढील आकडा ठरतो. डोक्याला मार लागून त्याच जागी रक्त साचले असेल, तर त्याची नोंद दुखापतींच्या प्रकरणात, एस-०६.६ येथे होते.

हा आकडा लिहिणारा कोडर रुग्णाला कधीच भेटत नाही. पुणे, हैदराबाद, चेन्नई येथे बसून अमेरिकेतील इस्पितळांच्या फायली वाचणारे हजारो तरुणतरुणी आज याच कामावर उपजीविका करतात, आणि त्यांच्यापुढे असते ते डॉक्टरांनी लिहिलेले वाक्य. स्कॅन पाहून स्वतःचा तर्क लढविण्याची त्यांना मुभा नाही. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांनी ‘ॲन्यूरिझमचा संशय’ एवढाच शेरा मारला असेल, तर अमेरिकी नियमानुसार तो रोग म्हणून नोंदवता येत नाही. नोंद होते ती केवळ डोकेदुखीची. त्याहून घातक ‘पूर्वेतिहास’ हा शब्द. ‘ॲन्यूरिझमचा पूर्वेतिहास’ असे लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात, फुगा अजून डोक्यात आहे आणि त्यावर नजर ठेवायची आहे, असे असू शकते. कोडरच्या परिभाषेत मात्र त्याचा अर्थ रोग संपला असा होतो, आणि जिवंत धोका एका शब्दाने इतिहासजमा होतो.

शरीररचनेपुढे संकेतांकालाही मान तुकवावी लागते, याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. विलिसच्या कड्यातील बहुतेक रोहिण्या डाव्याउजव्या अशा जोडीने असतात, आणि अमेरिकेने आपल्यापुरत्या वाढविलेल्या आवृत्तीत त्या बाजूंनाही आकडे दिले. तीच विभागणी पुढील बाजूच्या जोडरोहिणीलाही लावली गेली. वास्तविक ही रोहिणी दोन्ही बाजूंना सांधणारा, मध्यभागी असलेला एकुलता एक दुवा आहे, मग तिची डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती? अखेर ऑक्टोबर २०१६ पासून ते उपविभाग रद्द होऊन आय-६०.२ हा एकच आकडा उरला.

तरीही आकड्याची झेप मर्यादितच. तीन मिलिमीटरचा फुगा असो वा बारा मिलिमीटरचा, न फुटलेल्या सर्वांना आय-६७.१ हाच आकडा लागतो. फुग्याची जागा, आकार, मागील तपासणीपासून झालेली वाढ हा सारा तपशील डिस्चार्ज कार्डावरील मजकुरातच मिळू शकतो. १९३७ साली वॉल्टर डँडी यांनी बाल्टिमोर येथे ॲन्यूरिझमच्या मानेवर प्रथम धातूची क्लिप बसविली, आणि १९९० च्या सुमारास गुग्लिएल्मी यांनी रोहिणीच्या आतून जाऊन फुग्यात प्लॅटिनमची बारीक तार भरण्याची रीत आणली. यांपैकी कोणता उपचार झाला आणि क्लिप कोणत्या जातीची, हे लिहिणे किती अगत्याचे, ते एमआरआयच्या खोलीबाहेर कळते. जुन्या काही क्लिपा चुंबकाने ओढल्या जाऊन डोक्यात सरकू शकतात, म्हणून क्लिपेची खातरजमा होईपर्यंत यंत्राचे दार रुग्णासाठी बंदच ठेवावे लागते.

रुग्ण दगावला, तरी लिहिलेल्या शब्दाचे महत्त्व संपत नाही. आपल्याकडील मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात पहिल्या भागातील ओळी एका कार्यकारणाच्या साखळीने भरावयाच्या असतात : सर्वांत वर मृत्यूचे तात्कालिक कारण, आणि खाली उतरत सर्वांत शेवटी ज्या रोगापासून हा क्रम सुरू झाला ते मूळ कारण. हृदयक्रिया बंद पडणे ही मरणाची केवळ रीत आहे, ती कारण म्हणून लिहू नये, अशी सूचना त्या नमुन्यावरच छापलेली असते. तरीही घाईगर्दीत तेवढेच लिहून सही करण्याचा मोह अनेकदा होतो.

त्या मोहाची किंमत पुढची पिढी मोजते. ॲन्यूरिझमचा विकार काही घराण्यांतून चालत येतो, आणि आईवडील, भावंडे वा मुले यांपैकी दोघांना किंवा अधिकांना तो झाला असेल, तर उरलेल्यांनी प्रकृती ठणठणीत असतानाही तपासणी करून घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. आईच्या आणि थोरल्या भावाच्या दाखल्यांवर ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच असेल, तर मागे राहिलेल्या मुलीला हा सल्ला कोण आणि कशाच्या आधारे देणार? म्हणून इस्पितळातून कागद हाती येताच ते कपाटात न टाकता वाचावेत. फुगा फुटला होता की नाही, कोणत्या रोहिणीवर होता, त्याचे पुढे काय झाले, हे त्यात नसेल तर डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. दाखल्याच्या त्या शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी ‘ॲन्यूरिझम फुटल्यामुळे’ एवढे दोन शब्द लिहिले, तर गेलेल्या माणसाकडून त्याच्या मुलाबाळांना वेळीच सावधगिरीची सूचना मिळते.